दोन विमानं आकाशात एकमेकांना चुकवतात कशी? चरखी दादरी ते वॉशिंग्टन

12 नोव्हेंबर 1996. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेत. दिल्लीहून सौदिया एअरलाइन्सचं जम्बो जेट नुकतंच उडालंय. आत 312 माणसं, त्यांतली बरीचशी आखातात कामाला निघालेली. त्याच वेळी कझाकस्तानातलं एक इल्युशिन-76 दिल्लीत उतरायला येतंय. त्यात 37 जण. एक वर चढतंय, एक खाली उतरतंय, आणि दोघांची वाट एकच आहे.

जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरनं सौदी विमानाला सांगितलं, 14 हजार फुटांवर थांबा. कझाक विमानाला सांगितलं, 15 हजारांवर थांबा. म्हणजे मध्ये 1000 फूट मोकळे. वर कझाक वैमानिकांना हेही कळवलं की समोरून जम्बो येतंय, दिसलं की सांगा. आणि तरीही हरयाणातल्या चरखी दादरीच्या वर, ढगात, ती दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली. एकही वाचलं नाही. दिल्लीकडे येणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या एका मालवाहू विमानातून वैमानिकांना दिसला तो फक्त आतून नारिंगी उजळलेला एक मोठा ढग. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींमध्ये आजही जगात याहून मोठी दुसरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, हजार फूट मोकळे सोडले होते ना? मग?

चौकशीसाठी न्यायमूर्ती लाहोटी आयोग नेमला गेला. आयोगानं सांगितलं, कझाक विमान 15 हजारांवर थांबलंच नाही, ते आणखी खाली गेलं. कसं गेलं, हे ऐकण्यासारखं आहे. त्या विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम पायलट करत नव्हता. त्यासाठी वेगळा रेडिओ ऑपरेटर होता, आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारी यंत्रं नव्हती. ती बघायची तर पायलटच्या खांद्यावरून डोकवायचं. उंचीची सूचना एकानं ऐकायची, विमान दुसऱ्यानं हाकायचं, आणि सगळं इंग्रजीत, जे त्यांना नीट येत नव्हतं. आपण 15 हजारांवर असायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि कंट्रोलरला हे कळलं का नाही? कारण तेव्हा दिल्लीत जे रडार होतं, ते विमान कोणत्या दिशेला आणि किती लांब एवढंच दाखवायचं. उंची दाखवायचं नाही. उंची म्हणजे वैमानिक रेडिओवर जे सांगेल ते. तिकडून '15 हजार' ऐकू आलं की कंट्रोलर 15 हजार लिहून घेणार. दुसरा इलाजच नव्हता त्याच्याकडे. सांगितलेली उंची आणि खरी उंची यांच्यामध्ये जी फट पडली, तिच्यात 349 माणसं गेली. माझ्या मते या विषयाची नाडी इथेच आहे. पुढे जे काही मी सांगणार आहे, ती सगळी धडपड ही फट बुजवायची आहे.

बरं, डोळ्यांनी बघून वळवता येत नाही का? घाटात समोरून ट्रक आला की आपण गाडी बाजूला घेतोच की. तर हिशेब करू. दोन जेट विमानं समोरासमोर, प्रत्येकी ताशी 830 किलोमीटर. म्हणजे त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला साधारण 460 मीटरनी कमी होतंय. दहा किलोमीटरवर जो ठिपका आहे, तो 22 सेकंदांत तुमच्यापाशी पोचतो. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की, जे विमान खरोखर तुमच्यावर येणार असतं, ते काचेवर हलतच नाही. बाकीची विमानं सरकताना दिसतात. हे मात्र काचेवरच्या डागासारखं एका जागी बसून राहतं आणि अगदी शेवटी एकदम मोठं होतं. आपला डोळा हलणाऱ्या वस्तू टिपतो, थांबलेल्या नाही. त्यातून ढग असेल तर विषयच संपला.

म्हणून आकाशात मजले पाडलेत. पूर्वेच्या अंगाला जाणारी विमानं विषम हजारांवर, पश्चिमेच्या अंगाला जाणारी सम हजारांवर. मुंबईहून कोलकात्याला जाताना तुमचं विमान 33, 35 किंवा 37 हजार फुटांवर असेल, परत येताना 34, 36 किंवा 38 हजारांवर. खिडकीतून कधी दुसरं विमान खालून सर्रकन उलट दिशेला जाताना दिसलं आणि छातीत धस्स झालं, तर ते बहुतेक हेच हजार फूट असतात.

पण कोणी आपला मजला सोडला, तर? त्यासाठी एक पेटी आहे. टीकॅस.

ही पेटी आसपासच्या विमानांना रेडिओवरून साधारण दर सेकंदाला हाक मारते. समोरच्या विमानातला ट्रान्सपाँडर तिला उत्तर देतो, आणि त्या उत्तरात स्वतःची उंची सांगतो. उत्तर यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. बघा, इथे माणूस मध्ये नाहीच. यंत्राची उंची थेट यंत्राला. आणि पेटी किलोमीटर मोजत बसत नाही, ती सेकंद मोजते: याच वेगानं गेलो तर भेट किती सेकंदांत? साधारण 40-45 सेकंद उरले की कॉकपिटमध्ये आवाज येतो, 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. धोका वाढत गेला आणि 25 ते 35 सेकंद उरले की थेट हुकूम: 'क्लाइंब, क्लाइंब' नाहीतर 'डिसेंड, डिसेंड'. दोन्ही पेट्या त्याआधी आपसात ठरवून घेतात, तू वर, मी खाली. हुकूम आला की वैमानिकानं पाच सेकंदांच्या आत विमान त्या दिशेला न्यायचं.

दादरीच्या त्या दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. त्यानंतर भारतात ये-जा करणाऱ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचं झालं. दिल्लीत उंची दाखवणारं रडार आलं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही.

31 जानेवारी 2001, जपान. एकाच कंपनीची दोन मोठी विमानं, मिळून 677 माणसं. कंट्रोलरनं चुकीच्या विमानाचा नंबर उच्चारला आणि त्याला खाली जायला सांगितलं. त्याच विमानाची पेटी सांगत होती वर जा. कॅप्टननं माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाला पेटीनं खाली पाठवलं होतं. दोघंही खाली. शेवटच्या क्षणी एकानं विमानाचं नाक जोरात खाली दाबलं, विमानं जेमतेम चुकली, आणि आत पट्टा न लावलेली माणसं आणि कॉफीच्या गाड्या छताला जाऊन आपटल्या. सुमारे शंभर जण जखमी झाले. मी विमानात बसलो की दिवा विझला तरी पट्टा सोडत नाही, ते या घटनेमुळे.

जपानची विमानं चुकली. दीड वर्षानं, 1 जुलै 2002 च्या रात्री, जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या आकाशात तशीच गाठ पडली आणि तिथे विमानं चुकली नाहीत. एका बाजूला मालवाहू बोइंग, दोन वैमानिक. दुसऱ्या बाजूला रशियाच्या बाश्कोर्तोस्तानमधून स्पेनला सुट्टीवर निघालेल्या शाळकरी मुलांनी भरलेलं टुपोलेव. त्या आकाशावर लक्ष ठेवणाऱ्या झुरिकच्या कंट्रोल रूममध्ये एकच कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला, दुरुस्तीमुळे रडारची इशारा देणारी सोय आणि फोनची मुख्य लाइन बंद. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मिनिटही उरलं नव्हतं. तो टुपोलेवला म्हणाला, खाली या. काही सेकंदांत टुपोलेवची पेटी म्हणाली, वर जा. बोइंगची पेटी बोइंगला म्हणत होती, खाली जा. टुपोलेवच्या वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. 71 जण गेले. जवळपास पावणेदोन वर्षांनी, मुलं आणि बायको गमावलेल्या एका बापानं त्या कंट्रोलरला त्याच्या दारात भोसकून मारलं.

मला त्या वैमानिकांना दोष देववत नाही. जमिनीवरचा जिवंत माणूस घाईनं काही सांगतोय आणि एक यंत्र उलटं सांगतंय, कोणाचं ऐकायचं? तेव्हाच्या नियमपुस्तकांतही याचं ठाम उत्तर नव्हतं. नंतर आंतरराष्ट्रीय नियमांत ते निःसंदिग्ध लिहिलं गेलं: पेटीचा हुकूम आला की पेटीचंच ऐकायचं, कंट्रोलर उलट सांगत असला तरी. वैमानिक रेडिओवर 'टीकॅस आरए' (आरए म्हणजे पेटीचा हुकूम) एवढंच म्हणतो, आणि तिथून पुढे कंट्रोलर त्याला काही सांगत नाही. धोका टळला की पेटी म्हणते, 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट'.

पण समोरच्यानं उत्तरच दिलं नाही, तर ही पेटी आंधळी असते. 2006 मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनवर एका छोट्या खासगी जेटचा ट्रान्सपाँडर बंद होता. समोरून एक प्रवासी बोइंग येत होतं. दोन्ही विमानं 37 हजारांवर, समोरासमोर. एकाही पेटीला दुसरं विमान दिसलं नाही. बोइंगमधले 154 जण गेले.

आणि जमिनीजवळ ती मुद्दाम गप्प केलेली असते. साधारण 1000 फुटांच्या खाली ती वर-खालीचे हुकूम देत नाही, कारण उतरणाऱ्या विमानाला 'खाली जा' म्हणणं म्हणजे जमिनीत घालणं. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनमध्ये नेमकं तिथेच घडलं. धावपट्टीकडे येणाऱ्या जेटमध्ये 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ऐकू आलं. पुढचा हुकूम येणारच नव्हता. 19 सेकंदांनी पोटोमॅक नदीवर लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी टक्कर झाली, 67 जण गेले. हेलिकॉप्टरनं तिथे 200 फुटांच्या खाली राहायचं होतं, टक्कर झाली तेव्हा ते 278 फुटांवर होतं. नंतर त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरांची चाचणी घेतली, तर कॉकपिटमधला उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा 80 ते 130 फूट कमी दाखवत होता.

पण मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. त्या धावपट्टीवर उतरणारं विमान आणि त्याच्याखालून जाणारं हेलिकॉप्टर, दोघांनी नियम काटेकोर पाळला तरी त्यांच्यात कधीकधी फक्त 75 फूट उरत होते. सात मजली इमारतीएवढे. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर आडव्या अंगानं 1500 फुटांच्या आत आणि उभ्या अंगानं 200 फुटांच्या आत आल्याच्या 85 घटना नोंदलेल्या होत्या. तो हेलिकॉप्टरमार्ग बंद झाला मार्च 2025 मध्ये.