नावांची यादी शेवटी करा

मंडळी, काल्पनिक प्रदेशातली कादंबरी लिहायला घेतली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी नावांची यादी करायला बसतात. कानाला परकी वाटणारी चाळीस-पन्नास नावं लिहायची आणि पात्रांना वाटून टाकायची. यादी लागतेच, पण ती सगळ्यात शेवटी. आधी ठरवायचं ते हे, की कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. त्याचा एक तक्ता करा. समाजात मान कुणाला आणि धाक कुणाचा, हे त्या एका तक्त्यात येतं.

आपल्याकडचंच बघा. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर ‘अहो’ आलं, ‘बंडूचे बाबा’ आलं, आणि चारचौघांत नाव घ्यायची मुभा म्हणून उखाणा आला. बंदी, पर्यायी हाक आणि मुभेचा प्रसंग, तिन्ही एकमेकांना धरून आहेत. नवख्या लेखकाची चूक अशी की तो बंदी घालतो आणि पर्यायी हाक द्यायलाच विसरतो. मग त्याची पात्रं घरात एकमेकांना हाकच मारू शकत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू समाजांत ही बंदी फार पुढे गेलेली आहे. रीत पाळणारी सून सासऱ्याचं नाव तर घेत नाहीच, त्या नावातला ध्वनी ज्या साध्या शब्दांत येतो तेही टाळते आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द वापरते. या रीतीला ‘ह्लोनिफा’ म्हणतात.

दुसरा प्रश्न, नावात कोणती माहिती भरायची? बालीत जन्मक्रम भरतात. पहिलं मूल वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. काही पर्यायी नावं आहेत, पण चाल हीच. घानातल्या आकान लोकांत जन्मवार येतो. ‘कोफी अन्नान’ या नावातला कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला आणि अन्नान म्हणजे चौथं अपत्य. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाला मुलासाठी ‘सोन’, मुलीसाठी ‘दोत्तिर’ लागतं. त्यामुळे फोनची यादी पहिल्या नावानं लावतात आणि राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्याच नावानं संबोधतात.

इथे थोडं गणित करायला हवं. वारावरून नावं ठेवणारं गाव रचलंत आणि गावात सातशे पुरुष असले, तर एकेका नावाचे सरासरी शंभर जण निघतात. अशा गावात टोपणनाव ही हौस उरत नाही, त्यावाचून चालतच नाही. उंची, धंदा, व्यंग, आईचं नाव, यांतलं काहीतरी मागे लागणारच. तेव्हा नावं किती आणि माणसं किती, हा भागाकार आधी करून ठेवा.

आता फळ्यावर एक समाज रचू. खाडीकाठचे मीठ पिकवणारे लोक. मिठागर धाकट्या मुलीकडे जातं, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. म्हणजे नावाचा दुसरा भाग आईच्या मिठागराचा. तोंड आवरायचं ते जावयानं. सासूला तो ‘वरच्या बाई’ म्हणेल. पोरं फार दगावतात, म्हणून पहिला मिठाचा हंगाम पार पडेपर्यंत मुलाला नाव नाही, नुसतं ‘धाकटं’. आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू ठेवत, त्यातलीच ही भीती. हंगामानंतर मामा नाव ठेवतो. कोणी वारलं की तीन हंगाम ते नाव बंद. त्याच नावाचे बाकीचे तेवढा काळ दुसऱ्या नावानं वावरतात.

एवढं झालं की समाजात सरकारी माणूस सोडा. तो करवसुलीला येतो, वहीत एकच नाव लिहितो आणि बापाचं नाव विचारतो. एखाद्या बाईचं सुतकातलं तात्पुरतं नाव कायमचं नोंदलं जातं आणि मिठागराच्या वाटणीत ती बाई स्वतःला सिद्ध करू शकत नाही. कथानक इथे आपसूक मिळतं. कागदाचा रकाना बदलला की नाव बदलतं, हे खऱ्या जगातही दिसतं: तुर्कस्तानात १९३४च्या कायद्यानं सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं, महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला.

मराठीत लिहिणाऱ्याला एक अडचण जास्तीची आहे. ‘आला, आली, आल्या, आलात’ यांतून लिंग आणि मान दोन्ही फुटतात. नावावरून बाई की पुरुष कळू नये असा समाज रचलात, तरी पहिल्याच क्रियापदाला बिंग फुटेल. मग निवेदन प्रथमपुरुषी घ्या, तेही ‘म्हणालो-म्हणाले’ सांभाळून, किंवा सगळ्यांना आदरार्थी ‘ते’ लावा. तू, तुम्ही, आपण यांची वाटणीही त्याच तक्त्यात करून टाका: डावीकडे बोलणारा, वर ऐकणारा, आठ-दहा नाती पुरेत. भांडणात कोण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरतं, त्याला वेगळा रकाना ठेवा. वाचक तेवढं बरोबर हेरतात.

आता यादीला बसा. ‘तमरन’ असं नाव लिहिलंत तर कोणी तम्रन वाचेल, कोणी तमरन्. ‘तामरान’ लिहा, गोंधळ कमी होतो. नावामधे वरचं स्वल्पचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) घालायची इंग्रजी फॅशन देवनागरीत नुसती छपाईची चूक दिसते. प्रत्येक नावाला ‘ला’, ‘ने’, ‘च्या’ लावून मोठ्यानं म्हणा. ‘क्षेण्ठ्र’ला ‘ने’ लावताना जीभ अडली तर ते नाव तिथेच खोडा. मुख्य पात्रांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. मात्र सख्ख्या भावंडांची नावं एकाच अक्षरानं सुरू होतात अशी रीतच असेल, तर खुशाल ठेवा आणि घरातल्या हाका वेगळ्या द्या.