काम आसा, पण बारा म्हयन्याचा नाय

(दृश्य : बांदा, जिल्हा सिंधुदुर्ग. पहाटे सव्वासहा. हायवेच्या कडेला थांबलेल्या मोटारसायकली, धुक्यातले दिवे.)

तो रोज या वेळेला इथं असतो. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, बाजूच्या कप्प्यात घडी घातलेला रेनकोट. रेनकोट जानेवारीतसुद्धा आत असतो, काढायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. हेल्मेट हाताच्या कोपरात अडकवलेलं. पत्रादेवीचा नाका जवळ आला, की ते डोक्यावर चढेल, कारण पुढं गोवा लागतो आणि गोव्याचे पोलीस दंड करतात. कोण तुयेंला, कोण म्हापशाला, कोण थेट वेर्ण्याच्या औषध कारखान्यात. संध्याकाळी सात-साडेसातला परत घरी.

आम्ही त्याला विचारलं, दादा, गावात काम नाही का?

तो हसला. म्हणाला, "काम आसा वो. पण बारा म्हयन्याचा नाय."

आणि गाडी सुरू करून निघून गेला.

कोकणात रोजगार नाही, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतोय. निवडणूक आली की ते जरा मोठ्यानं ऐकू येतं. आम्हीही तेच मनात धरून निघालो होतो. पण बांद्यापासून वर सरकत गेलो तसा बंदरात, बागेत, चिरेखाणीत एकच सूर लागला : माणूस मिळत नाही. गाव रिकामं होतंय आणि गावातल्या कामाला बाहेरून माणसं येतायत. हा सगळा प्रवास म्हणजे त्या मोटारसायकलवाल्या पोराच्या एका वाक्याचा पाठलाग आहे म्हणा ना.

(दृश्य : बंद घर. पडवीत उलटी ठेवलेली खुर्ची. भिंतीवर जुना फोटो, गिरणीच्या दारातला.)

चाकरमानी हा शब्द कोकणाला कुणी शिकवावा लागत नाही. गिरणगावातल्या एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं राहायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पाठ टेकायचा. खानावळीचे पैसे बाजूला काढून उरतील ते मनीऑर्डरनं गावी. पोस्टमन दारात आला की वाडीला कळायचं, आज यांच्याकडं पैसे आले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, पण मुंबईची वाट काही मोडली नाही. पुढची पिढी लालबाग-परळ सोडून डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार अशी लांब लांब सरकली, एवढंच.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. गाडी आली की कारखाने येतील, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं. कारखाने फारसे आले नाहीत. जाणं मात्र सोपं झालं.

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ ला १६ लाख १५ हजार भरली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. २०११ च्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कागदावर ही बाब कौतुकाची दिसते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच, की गडीमाणूस घरात नाही.

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. बर्फ फोडण्याचा आवाज. लाँचीवर जाळं गोळा करणारे हात.)

मिरकरवाड्यात पहाटे उभं राहिलं तर कानावर नेपाळी पडते. नौकेचा मालक इथला, तांडेल म्हणजे नौका हाकणारा इथला. खलाशी मात्र नेपाळचे. पर्ससीनच्या, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या, मोठ्या नौकेवर पंचवीस-तीस माणसं लागतात आणि गावातला एक पोरगाही जाळ्याला हात लावायला तयार नसतो, अशी मालकाची तक्रार. खलाशांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. उचल घेऊन माणूस मधेच निघून गेला, ही गोष्ट इथला प्रत्येक मालक एकदा तरी सांगतो.

पण पोरांची बाजूही ऐकायला हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पर्ससीनला तर राज्याच्या हद्दीत फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने. वादळाचा बावटा लागला की ते दिवसही गेले. कमाई हिश्श्यावर, मासळी लागली तर. बँकेत कर्जाला गेलं, तर पगाराची स्लिप मागतात. ती दर्या देत नाही.

आणि धक्क्यावर ज्या बायका टोपली घेऊन लिलावाला बसल्यात, ज्या मागच्या वाळूत सुकट पसरतायत, त्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे? बरं, त्यांच्याशिवाय पकडलेली मासळी बाजारापर्यंत पोचत नाही.

(दृश्य : हापूसची बाग. डोंगरउतार, जांभा दगडाचा गडगा. कोपऱ्यात पत्र्याची झोपडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार काकांनी आम्हाला बाग दाखवली. यातली बरीचशी कलमं १९९० नंतरची. त्या साली राज्यानं रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आणली, शंभर टक्के अनुदानावर. उघडे कातळ आणि वरकस डोंगर तेव्हा हिरवे झाले. रोजगार हमीतून पुढं खरा रोजगार उभा राहिला अशी उदाहरणं थोडी असतात, त्यातलं हे एक आहे, असं माझं मत.

आंब्याचं कामाचं वर्ष दसऱ्यानंतर सुरू होतं. साफसफाई, मग मोहोर, मग फवारण्या. तुडतुडा होताच, आता फुलकिडीनं भर घातलीय, त्यामुळं फवारण्या वाढल्या. मग राखण, कारण वानरांची टोळी एका सकाळी झाड मोकळं करते. मग झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, एकेक फळ देठासकट उतरवायचं, आढी लावायची, पेट्या भरायच्या, वाशीला गाडी धाडायची. मे सरताना उरलेला माल कॅनिंगला. पहिला पाऊस पडला की बागेत काम नाही.

ही सगळी कामं आज बहुतेक नेपाळी गडी करतात. इथं त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात. दसऱ्याच्या सुमाराला येतात, पावसाच्या तोंडावर जातात. झोपडीत बिऱ्हाड, बायको-मुलंही बरोबर.

"काका, तुमचा मुलगा?"

"विरारला. कुरिअर कंपनीत."

"इथं का नाही?"

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याला मिळतात तेवढे पैसे मी या गड्याला देतो. वर तांदूळ, तेल. मुलाला म्हटलं, तू ये, तूच बघ. म्हणाला, बागेत राहतो म्हटल्यावर मला मुलगी कोण देणार?"

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. गावोगाव हेच ऐकलं होतं. मुलीकडचे विचारतात, मुंबईत खोली आहे का? पन्नास कलमं आहेत, हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

नारळाचंही तेच. झाडावर चढून नारळ उतरवणारे पाडेली म्हातारे झाले. जो एक गावात उरलाय त्याची वेळ मिळवण्यासाठी लोक आठ-आठ दिवस थांबतात, आणि तोवर नारळ आपोआप पडून कुणाच्या तरी कौलांवर जातात. चिरेखाणीत कर्नाटकातून आलेली कुटुंबं दगड काढतात. यावर अजून बोलता येईल, पण आपल्याला पुढं वेंगुर्ल्याला जायचंय.

(दृश्य : वेंगुर्ले तालुका. काजू कारखाना. रांगेत बसलेल्या बायका. खटक्-खटक् असा एकसुरी आवाज. हातांचं जवळून चित्रण.)

हे हात बघा. बोटांची टोकं काळी पडलीत, नखांच्या कडेला कातडी उललीय. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. म्हणून काम सुरू करण्याआधी हाताला दुसरं तेल चोळायचं. बी वाफवून आलेली असते. पायानं दांडा दाबायचा, पातं बीत शिरतं, हातानं टरफल उघडायचं, आतला गर अख्खा बाहेर. अख्खा यायला हवा. पाकळी झाली तर भाव उतरतो, तुकडा झाला तर आणखी उतरतो. मजुरी किलोवर. मावशी आमच्याशी बोलत होत्या, पण हात थांबला नाही. एका बोलण्यात किती बिया झाल्या ते मोजायचं आम्ही ठरवलं आणि मोजता मोजता चुकलो.

इथल्या बागांतली बी फेब्रुवारी ते मे मिळते. ती संपली की आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बीवर कारखाने चालतात. म्हणजे आयव्हरी कोस्टमध्ये पीक कसं आलं, यावर वेंगुर्ल्यातल्या मावशीचे कामाचे दिवस थोडेफार ठरतात.

मावशींचं वर्ष असं : बी असेल तोवर कारखाना. एप्रिल-मेमध्ये पहाटे घरच्या काजू गोळा करायच्या, रातांब्याची सोलं घालायची. जून-जुलैत भाताची लावणी, स्वतःची आणि शेजारणीची. मग गणपती. मग कापणी. मग पुन्हा कारखाना. मधल्या फटीत कुठं लग्नकार्यात भाकऱ्या.

शेवटी आम्ही विचारलं, "मावशी, कोणी सरकारी माणूस येऊन विचारलं, तुम्ही काय काम करता, तर काय सांगाल?"

"मी? मी काय करतलंय? घराकच आसतंय."

हे उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरलं, तर ती बाई बिनकामाची ठरते. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमान्तिक. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात आठवड्याचा हिशेब करताना सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेलं असलं, तरी माणूस कामावर धरला जातो. मावशी एका मोजपट्टीत बसतात, दुसऱ्या मोजपट्टीत काठावर लोंबकळतात, आणि स्वतःच्या तोंडून दोन्हीतून बाहेर पडतात. जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाच्या नमुन्याची आखणी जिल्हा हा पाया धरून होते, ही चांगली गोष्ट. पण प्रश्न विचारणारा कोणत्या महिन्यात दारात येतो, यावर कोकणात उत्तर बदलतं.

(दृश्य : उरण, कंटेनर ट्रकांची रांग. नंतर लोटे-परशुराम, कारखान्यांच्या चिमण्या.)

उत्तरेकडं गेलो की चित्र पालटतं. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि उरणची मिठागरं, भातशेती कंटेनर यार्डांखाली गेली. त्याआधीच, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. आज तिथं काम बारमाही आहे, पण बरंचसं कंत्राटदाराच्या नावावर. पालघरच्या वाढवणला ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बंदराची पायाभरणी झाली, तिथले मच्छीमार विरोधात उभे आहेत. त्यांचे प्रश्न ऐकताना उरण आठवतंच.

प्रकल्प म्हटला की नोकऱ्यांचा आकडा आधी येतो. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी आला, त्याच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ ला रद्द झाली, मग तोच प्रकल्प बारसूला न्यायचं ठरलं तेव्हा पुन्हा आला. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात आणि यंत्र सुरू झालं की शेकड्यांवर भागतं, हे गुहागरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यानं अंजनवेलचा वीज प्रकल्प उभा राहताना पाहिला, २००१ ला बंद पडताना पाहिला आणि काही वर्षांनी नव्या नावानं परत सुरू होतानाही पाहिला. किती नोकऱ्या, यापेक्षा कुणाला आणि किती वर्षं, हे विचारायला हवं. लोट्याच्या रासायनिक वसाहतीत आसपासच्या पोरांना काम मिळालं, हेही खरं. खाडीतल्या मासळीवर जगणाऱ्यांचं गेलं, हेही तिथलेच लोक सांगतात.

(दृश्य : तारकर्ली. स्कुबाची बोट. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी रापणीची होडी.)

१९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवणात ज्यांचे आजोबा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे, ती पोरं आता पर्यटकांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवतात. घरात दोन खोल्या वाढवून आईनं न्याहारी सुरू केली. हा बदल घरात राहून झालाय, म्हणून आम्हाला तो जास्त मोलाचा वाटला. कॅलेंडर मात्र तेच. मे संपला, बोटी वर ओढल्या, ताडपत्री घातली. पाऊस संपेपर्यंत थांबा.

श्रीवर्धनकडं थांबण्याचा अर्थ आणखी वेगळा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं तिथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नवं रोप लावलं तर ते धरायला सहा-सात वर्षं. तेवढा काळ वाडीतल्या माणसानं काय करायचं? काहींनी मुंबई धरली. करोनामुळं नुकतेच परतलेले काही तर आले तसे गेले.

(दृश्य : पुन्हा तीच आंब्याची बाग. संध्याकाळ. झोपडीसमोर चूल. काका पडवीत बसलेले.)

नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. म्हणजे प्रगणक फेब्रुवारीत दारात येईल. मोहोराचं फळ धरत असेल, फवारणी चालू असेल. या घरात दोन माणसं लिहिली जातील, काका आणि काकी. मुलगा विरारला मोजला जाईल. मग प्रगणक गडग्यावरून उतरून खाली झोपडीकडं जाईल. तिथं तीन तरुण, एक बाई आणि एक लहान मुलगी.

ती मुलगी गावच्याच जिल्हा परिषद शाळेत जाते. आम्ही निघताना ती दारात येऊन म्हणाली, "परत या हां."

हेल काढून. अगदी इथल्यासारखा.