‘मी अमुका आहें’

नमस्कार श्रोतेहो.

गीतेचा पंधरावा अध्याय आपल्याकडे अनेक घरांत जेवणाआधी म्हणतात. श्लोक वीसच, त्यामुळे पानातला भात निवायच्या आत आटोपतो. चौदाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, प्राण्यांच्या देहात वैश्वानर, म्हणजे पोटातला अग्नी, होऊन चार प्रकारचं अन्न मीच पचवतो. समोर ताट असताना हे लगेच पटतं. पुढचा श्लोक मात्र भुकेच्या घाईत निसटतो: ‘सर्वस्य चाहं हृदि संनिविष्टः’. सर्वांच्या हृदयात मी वसलो आहे.

हृदयात देव, हे आपण इतकं ऐकलंय की तिथे कोणी थांबत नाही. डोळे मिटून सावळी मूर्ती कल्पायची, झालं! माउली मात्र थांबतात. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत याच श्लोकावर ही ओवी आहे:

‘एऱ्हवीं सर्वांच्या हृदयदेशीं । मी अमुका आहें ऐसी । जे बुद्धि स्फुरे अहर्निशीं । ते वस्तु गा मी ॥’

‘मी अमका आहे’ अशी जी जाणीव आत अहोरात्र स्फुरते, तीच मी, असं श्रीकृष्ण सांगतात. इथे मूर्ती नाही, नाद नाही, ज्योत नाही. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, म्हणजे योगाने देहात जागी होणाऱ्या शक्तीचं, अंगावर काटा आणणारं वर्णन करणारे ज्ञानदेव ते हेच. निवृत्तिनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळालेले. पण मला विचाराल, तर ही साधी ओवी त्या वर्णनापेक्षा धाडसी आहे. आसन घालायच्या आधीच देव सापडलेला असतो!

मग अहंकारालाच देव म्हणायचं का? ही शंका यायलाच हवी. पुढच्या ओव्या तिकडेच वळतात. संतांची संगत, गुरुसेवा, वैराग्य यांनी कोणाचा ‘मी’ आत्मरूपात विसावतो. कोणाचा देहातच बुडून राहतो. ‘मी’ तोच, मुक्काम वेगळा.

आणि तो बुडालेला? त्याच्यापासून देव लांब गेला का? मूळ श्लोकातच भगवंत म्हणतात की स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून, तसा त्यांचा लोपही माझ्यापासूनच. यावर माउलींचा दृष्टान्त असा: आभाळ भरून आलं, दिवस झाकोळला, पण तो झाकोळला हे कळतं, तेही दिवसाच्याच उजेडात. ‘मला आत काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्यालाही ते यातून वगळत नाहीत.