पायातून शिरलेला जंत

[दृश्य: दक्षिण गोव्यातलं काणकोण. भर पावसातलं कुळागर (सुपारीची बाग), पोफळींमधून वाहणारा पाट.]

पाटाचं पाणी वळवायला चपला काढूनच उतरावं लागतं. तांबडा चिखल बोटांच्या फटींतून वर येतो. कुळागरात नाहीतर वायंगण शेतीत, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीत, राबलेल्यांचे पाय जन्मभर असेच भिजलेले.

अशा ओल्या मातीत जिथे माणसाची विष्ठा मिसळते, तिथे स्ट्राँगिलॉइडिस या जंताच्या अळ्या असू शकतात. अळी कातडीतून शिरते आणि शेवटी लहान आतड्यात मुक्काम ठोकते. इतर बहुतेक जंत काही वर्षांत मरतात. हा मात्र शरीरातल्या शरीरातच नवी पिढी वाढवतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या पोटात तो 40 वर्षांनंतरही सापडला! त्रास म्हणाल तर अधूनमधून पोटदुखी, खाज. प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते.

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर नेमकी तीच दाबावी लागते, नाहीतर शरीर नवं मूत्रपिंड नाकारतं. त्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या आडोशाने अळ्या बेसुमार वाढतात, आतड्याची भिंत भेदतात आणि तिथले जिवाणू घेऊन रक्तात, फुप्फुसांत, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. ताप, धाप, फुगलेलं पोट. पोटावर कधी अंगठ्याच्या ठशांसारखे जांभळे डाग. जंत असले की रक्तात वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशीही स्टिरॉइडमुळे वाढलेल्या दिसत नाहीत, म्हणून संशयच येत नाही. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण झाली तर उपचार मिळूनही अनेक रुग्ण दगावतात.

आणि औषध काय, तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, शस्त्रक्रियेआधी दिलेल्या. जीव तुटतो तो यामुळेच. शौचाच्या एका नमुन्यात हा जंत बऱ्याचदा हुकतो, म्हणून नमुने वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे, जोडीला रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करायची.

काणकोणात नेमकं कारण न उलगडलेल्या मूत्रपिंडविकाराने कितीतरी घरं डायलिसिसच्या फेऱ्यांत अडकली आहेत. त्यातलं कुणी प्रत्यारोपणासाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) गेलं किंवा राज्याबाहेर गेलं, तर साखर, रक्तदाब, रक्तगट यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला जायला हवा: "शेतात अनवाणी जात होता का?"

देणाऱ्यालाही विचारायला हवं. अवयवाबरोबर हा जंत गेल्याच्या नोंदी आहेत, आणि आई मुलाला मूत्रपिंड देते तेव्हा बहुधा दोघंही एकाच मातीत राबलेली असतात. दोघांची तपासणी शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी झाली, तर गोळ्यांना पुरेसा वेळ मिळतो.