एजंटला आकडे समजावताना

[दृश्य: सकाळ. मोबाइलच्या पडद्यावर आरतीचा नवा व्हिडिओ, खाली वाढत जाणारे व्ह्यूज.]

निवेदन:

समजा, गणेश चतुर्थीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता एका मराठी यूट्यूब चॅनेलनं नवी आरती प्रसिद्ध केली. आठवड्याभरानं चॅनेलचे चालक एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय सहाय्यकाला विचारतात, “चतुर्थीच्या दिवशी आरती किती जणांनी पाहिली?” एजंट यूट्यूबच्या आकडेवारीतून, म्हणजे अॅनालिटिक्समधून त्या तारखेचा आकडा काढतो आणि बेधडक सांगून टाकतो.

त्या आकड्यात चतुर्थीची सकाळच नाही.

यूट्यूब अॅनालिटिक्सचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या, म्हणजे पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. तिथं मध्यरात्र होते तेव्हा भाद्रपदात आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे नऊपासून साडेबारापर्यंत घरोघरी आरती लावली गेली, तिची नोंद आदल्या तारखेवर पडली. शिवाय प्रश्न होता “किती जणांनी”, आणि उत्तर आलं व्ह्यूजचं. एकाच घरात तीनदा लागलेली आरती म्हणजे तीन व्ह्यूज.

यात एजंटनं पदरचं काहीच घातलेलं नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

[दृश्य: कोड एडिटर. एका टूलची व्याख्या, तीन भाग उठून दिसतात.]

एजंटला बाहेरची माहिती मिळते ती टूलमार्फत, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या छोट्या प्रोग्रॅममार्फत. एआय कंपनी अँथ्रोपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूल्स जोडण्याच्या ठरावीक पद्धतीत, टूलची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते: नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा आराखडा. आतला कोड मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला दिसत नाही. नवा सहकारी शेजारच्या टेबलावर जाऊन “हा आकडा नक्की कशाचा?” असं विचारू शकतो, एजंटच्या हाती फक्त ते वर्णन असतं.

आणि ते पुष्कळदा असं असतं: “चॅनेलची आकडेवारी देते.”

[दृश्य: ती ओळ पुसली जाते. नवा मजकूर एकेक वाक्यानं उमटतो.]

आता हे पाहा.

“दिलेल्या दोन तारखांमधले रोजचे व्ह्यूज, पाहिलेली एकूण मिनिटं आणि सरासरी पाहण्याचा वेळ देते. एकूण वेळ मिनिटांत, सरासरी सेकंदांत. तारखा पॅसिफिक वेळेच्या. भारतीय वेळेनुसार दिवस दुपारी साडेबाराला सुरू होतो, तिकडच्या हिवाळी वेळेत दीडला. व्ह्यूज म्हणजे प्रेक्षकसंख्या नव्हे. अगदी अलीकडच्या दिवसांच्या ओळी येत नाहीत. तिथं शून्य धरू नये. व्हिडिओचे आजवरचे एकूण व्ह्यूज हवे असल्यास हे टूल वापरू नये, एकूण व्ह्यूजचं टूल वापरावं.”

मिनिटं आणि सेकंद एकाच ओळीत शेजारी बसलेले आहेत, हे न सांगता कुणाच्या लक्षात येणार? पण माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. ते कधी वापरू नये, हे फार थोडे लिहितात. आणि जुळ्या भावंडांसारखी दिसणारी दोन टूल्स समोर असली की एजंट नेमका तिथंच चुकतो.

[दृश्य: पडद्यावर दोन आलेख शेजारी-शेजारी.]

दोन कंपन्यांचे आकडे एकत्र आले की गुंता आणखी वाढतो. नेटफ्लिक्सनं 2020 च्या सुरुवातीला किमान दोन मिनिटं पाहिलं तरी ते पाहिलं असं मोजायला सुरुवात केली. जून 2023 पासून त्यांच्या टॉप टेन यादीत व्ह्यूज म्हणजे पाहिलेले एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी, असा हिशेब आहे. दोन तासांचा चित्रपट दहा लाख तास पाहिला गेला, तर व्ह्यूज पाच लाख. त्यातल्या किती जणांनी शेवट पाहिला हे त्यातून कळत नाही. यूट्यूब शॉर्ट्समध्ये 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा लागला की व्ह्यू धरतात, किती वेळ पाहिला याची अट नाही. असे आकडे हाती आले की एजंट त्यांची तुलना करणारच. ती करू नये, असं वर्णनात स्पष्ट लिहावं लागतं.

म्हणून पानभर लिहावं असंही नाही. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलच्या मर्यादित जागेत बसायचं असतं. “शक्तिशाली”, “सर्वसमावेशक” ही विशेषणं खुशाल काढावीत. आकड्याच्या व्याख्येला मात्र कात्री लावू नये.

[दृश्य: टूल-कॉलची नोंदवही, ओळी वर सरकतात.]

लिहून झालं की खरे प्रश्न विचारून पाहावेत, लोक बोलतात त्याच भाषेत: “परवाचा व्हिडिओ कसा चालला?” मग उत्तराच्या आधी नोंदवही उघडावी. एजंटनं कोणतं टूल निवडलं, कोणत्या तारखा दिल्या? चूक दिसली, तर आधी वर्णन दुरुस्त करावं. शॉर्ट्सची मोजणी बदलली त्या दिवशी टूलचं नाव तेच राहिलं, कोड तोच राहिला, आकड्याचा अर्थ तेवढा बदलला. म्हणून वर्णन शेवटचं कधी तपासलं, ती तारीखही त्याच्या शेजारी नोंदवून ठेवावी.