अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायचे असेल, तर आधी हे ऐका

नमस्कार. मागच्या महिन्यात अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेत लेखनिक म्हणून, म्हणजे प्रश्न वाचून दाखवायला आणि विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहायला, बसण्याविषयी मी जाता जाता दोन मिनिटे बोलले होते, आणि तेव्हापासून तुमचे प्रश्न येतच आहेत. त्यांतला एक मी पुन्हा पुन्हा वाचला. एका ताईंनी लिहिले आहे, "माझे शिक्षण फक्त दहावीपर्यंत झाले. मुले मोठी झाली, दुपारचा वेळ मोकळा असतो, कोणाच्या तरी उपयोगी पडावे असे फार वाटते. पण माझ्याकडे देण्यासारखे आहे तरी काय?" ताई, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

तुमचे दहावीचे शिक्षण या कामात तुमची पात्रता ठरते. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक घेऊन येणार असेल, तर त्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, असे केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. म्हणजे बारावीच्या विद्यार्थ्याला जी व्यक्ती हवी असते, ती तुमच्यासारखीच असते. माझ्या ओळखीतल्या दोन प्राध्यापिका हे काम करायला अगदी उत्सुक आहेत, परंतु त्यांच्या पदव्यांमुळे त्यांना बहुतेक परीक्षांना बसता येत नाही. तुम्हाला येते.

प्राथमिक गोष्टी पटकन सांगते. जवळच्या अंधशाळेत किंवा महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाऊन आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, पुण्यात अंधशाळा आहेत, आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशा संस्था आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बोर्डाच्या परीक्षांच्या काळात, गरज सर्वांत जास्त असते. ओळखपत्र, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि छायाचित्रे तयार ठेवावीत. नियम परीक्षेनुसार बदलतात आणि काही परीक्षांना लेखनिक आयोजकच पुरवतात, म्हणून जी परीक्षा असेल तिथे आधी विचारून घ्यावे. एवढे पुरे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हा व्हिडिओ करते आहे, ती सांगते. लेखनिकाने आपले डोळे आणि आपला हात द्यायचा असतो. आपली बुद्धी द्यायची नसते. ऐकायला हे सोपे वाटते, पण परीक्षेच्या खोलीत बसल्यावर ते फार अवघड जाते, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे.

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना तिसऱ्या वर्षाच्या एका ताईचा राज्यशास्त्राचा पेपर लिहायला बसले होते. ती शांतपणे सांगत होती की, संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द ४२व्या घटनादुरुस्तीने आले. माझ्या डोक्यात बारावीला पाठ केलेली ४४वी घटनादुरुस्ती होती. ताई चुकली, असे मला खात्रीने वाटले, आणि तिचे दोन गुण जाऊ नयेत म्हणून मी न विचारता ४४ लिहिले. सुदैवाने उत्तर संपल्यावर तिने मला ते वाचून दाखवायला सांगितले. माझ्या तोंडून चव्वेचाळीस ऐकताच ती थांबली आणि म्हणाली, "मी बेचाळीस म्हणाले होते." बरोबर तीच होती. ४२वी दुरुस्ती १९७६ची. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. पुढची काही मिनिटे ती मला सगळी मागची उत्तरे वाचायला लावत होती, कारण मी आणखी कुठे काय बदलले असेल याची तिला खात्री उरली नव्हती. तो वेळ मी तिच्या पेपरातून घेतला. तिने वाचून घेतले नसते, तर वर्षभराच्या तिच्या अभ्यासावर माझी चूक तिच्या नावाने नोंदली गेली असती.

समजा, माझेच बरोबर असते. तरीही ते चूकच ठरले असते. एका दर्शकाने अभिमानाने लिहिले आहे की, त्याने एका मुलाला चार-पाच उत्तरे हळूच सांगितली, कारण "बिचाऱ्याला तेवढीच मदत". त्या भावनेतला चांगुलपणा मला दिसतो, पण मी त्यांना कळकळीने सांगते की, असे पुन्हा करू नका. पर्यवेक्षकाच्या लक्षात आले, तर कॉपीचा ठपका त्या मुलावर येतो. लक्षात आले नाही, तर त्याहून वाईट घडते: तो मुलगा पुढे मुलाखतीला जातो, त्याचे गुण पाहून समोरचा माणूस मनात म्हणतो, "हे लेखनिकाचे असतील", आणि ज्या मुलांनी प्रत्येक शब्द स्वतः सांगितला, त्यांच्याही गुणपत्रिकेवर तोच संशय पडतो. मी एका अंध वकिलांशी बोलले होते. पदवीला पहिला वर्ग मिळाल्याचे सांगितल्यावर "लेखनिक कोण होता?" हा प्रश्न त्यांना किती वेळा ऐकावा लागला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

हीच गोष्ट वाचनालाही लागू पडते, आणि तिकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. बहुपर्यायी प्रश्नांत चारही पर्याय एकाच आवाजात, एकाच गतीने वाचायचे असतात. उत्तर आपल्याला माहीत असले की त्या पर्यायावर आवाज नकळत रेंगाळतो, आणि ज्याचे सारे शिक्षण कानांवर झाले आहे, त्याला ते तत्काळ कळते. दुसऱ्या बाजूने, निष्काळजी वाचनामुळे येणारे उत्तरही हातचे जाते. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हे पाहा: "अ अधिक ब चा वर्ग". कागदावर कंस आहे, म्हणून तुम्हाला संपूर्ण बेरजेचा वर्ग दिसतो. पण नुसते ऐकणाऱ्याला फक्त 'ब'चा वर्ग वाटू शकतो. दोन्हींची उत्तरे वेगळी. म्हणून वाचायचे असे: "कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग". मराठीच्या पेपरात प्रश्नातला अधोरेखित शब्द कोणता, अवतरण कुठे उघडते आणि कुठे बंद होते, हेही सांगायचे. प्रश्नाचा सारांश स्वतःच्या शब्दांत सांगणे हीसुद्धा ढवळाढवळच आहे, कारण प्रश्नातले "कारणे लिहा" आणि "परिणाम लिहा" यांतला फरक ओळखणे हा परीक्षेचाच भाग असतो.

"पण विद्यार्थ्याने सांगितलेले ऐकू आले नाही तर?" असे अनेकांनी विचारले आहे. अंदाज करू नका, पुन्हा विचारा. विशेषनाम असेल, तर एकेक अक्षर विचारा. हे विचारणे आपल्या कामातच मोडते आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

इथे एका टिप्पणीला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण तिने मला खरोखर दुःख झाले. "यांना लेखनिक पण मिळतो आणि वर तासभर फुकटचा", असे कोणीतरी लिहिले आहे. नियम असा आहे की, प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. आता तो वेळ कुठे जातो ते पाहा. तुम्ही प्रश्नपत्रिकेवरून एक नजर फिरवता आणि आधी काय सोडवायचे ते ठरवता. अंध विद्यार्थ्याला संपूर्ण प्रश्नपत्रिका ऐकावी लागते आणि लक्षात ठेवावी लागते. तुम्हाला मागच्या पानावरचे वाक्य पाहायला क्षणभर पुरतो. त्याला ते शोधून वाचून मागावे लागते. तो बोलतो त्या गतीने आपला हात चालत नाही, म्हणून तो अर्ध्या वाक्यावर थांबतो आणि विचाराचा धागा तसाच धरून ठेवतो. हे सारे मी शेजारी बसून पाहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये नागरी सेवा परीक्षेचे उमेदवार विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकाची सुविधा ४० टक्के दिव्यांगत्वाच्या मर्यादेपुरती न ठेवता, ज्याला हाताने लिहिणे शक्य होत नाही अशा उमेदवारालाही ती मिळायला हवी, असे सांगितले, ते याच विचाराने: सर्वांना आपले ज्ञान कागदावर उतरवण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. तरीही मी एका केंद्रावर असताना पर्यवेक्षकांना हा वाढीव वेळ माहीत नव्हता आणि तीन तास होताच त्यांनी उत्तरपत्रिका मागितली. म्हणून पेपर सुरू होण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांशी वेळेविषयी बोलून घ्या.

आणि शब्द दिला असेल, तर जा. आदल्या रात्री दहा वाजता "माझे जमणार नाही" असा निरोप आल्यावर त्या मुलाने दुसऱ्या दिवशीचा अभ्यास बाजूला ठेवून फोनवर फोन करत बसायचे, हे मी एका वसतिगृहात पाहिले आहे. पाहुणे येणार असतील, प्रवास ठरलेला असेल, तर आधीच नाही म्हणा; त्याचा कोणाला राग येत नाही.

ताई, आता तुमच्यासाठी सराव. आज रात्री घरातल्या कोणालाही पेपरातली एक बातमी तुम्हाला सांगायला लावा आणि जशीच्या तशी लिहा. वाक्य अडखळले, तर अडखळलेलेच लिहा. तुम्हाला त्याहून चांगला शब्द सुचला, तर तो मनातच राहू द्या. मग लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि तुम्ही काय बदलले ते त्यांना शोधायला सांगा. पहिल्या दिवशी तीन-चार जागा सापडतील. आठवडाभर करा, आणि एकही जागा सापडली नाही की शाळेत नाव द्यायला जा. शक्य असेल, तर पेपराच्या एक-दोन दिवस आधी त्या विद्यार्थ्याला भेटा, त्याच्या बोलण्याची लय ऐका, आणि त्याला विचारा की, त्याला प्रश्न एकदा वाचलेला चालतो की दोनदा.