आवेग आणि परिस्थिती

रात्रीचे तीन वाजले आहेत आणि खोलीत मोबाईलच्या पडद्याचा तेवढा उजेड आहे. या माणसाची अपुऱ्या झोपेची ही सलग सातवी रात्र असूनही त्याला थकवा असा जाणवतच नाही. आजवर साठवलेली सगळी रक्कम त्याने आताच एका अनोळखी योजनेत गुंतवली, आणि तसे करताना त्याच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

मूड कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकवणाऱ्या बायपोलर विकारातील उन्मादाची अवस्था अशी असू शकते. किमान आठवडाभर टिकणारा भारावलेला किंवा चिडखोर मूड, वाढलेली ऊर्जा आणि त्यांच्या जोडीला बेसुमार खरेदी किंवा अविचारी गुंतवणूक यांचा समावेश निदानाच्या निकषांतच आहे. मात्र उन्माद ओसरून मूड स्थिरावल्यानंतरही अनेक रुग्णांमध्ये आवेगशीलता, म्हणजे परिणामांचा विचार न करता चटकन कृती करण्याची वृत्ती, इतरांपेक्षा अधिक आढळते. व्यसनाची जोड असेल, तर ती आणखी वाढलेली दिसते.

ही आवेगशीलता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे ‘बॅरट इम्पल्सिव्हनेस स्केल’. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीत ३० विधाने असून प्रत्येकाला १ ते ४ गुण मिळतात. लक्ष न टिकणे, विचाराआधी कृती करणे आणि पुढचे नियोजन न करणे असे तिचे तीन पैलू आहेत.

ही विधाने जरा बारकाईने वाचायला हवीत. नियमित बचत करता का, नोकऱ्या बदलता का, राहती जागा बदलता का, अशा आशयाची विधाने त्यांत आहेत. ज्याचे काम आज आहे आणि उद्या नाही, ज्याला भाडे परवडेनासे झाले की सामान उचलावे लागते, त्याच्या उत्तरात स्वभाव किती आणि घरची परिस्थिती किती, हे नुसत्या बेरजेवरून कसे ठरवणार? माझ्या मते, शिक्षण, उत्पन्न आणि कुटुंबाची स्थिती शेजारी मांडल्याशिवाय हा आकडा वाचणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

शिवाय कार्यकारणाचा धागा एकाच दिशेने जात नाही. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतो, म्हणजे नेमका शिक्षण आणि पहिल्या नोकरीच्या काळात. त्यामुळे अर्धवट राहिलेले शिक्षण हे आवेगशीलतेचे कारण नसून आजाराचाच परिणाम असू शकते. दुसरीकडे, बालपणी छळ किंवा उपेक्षा सोसलेल्या रुग्णांमध्ये आजार लवकर सुरू होण्याची आणि अधिक तीव्र असण्याची शक्यता वाढते.

आणि आवेग तोच असला, तरी त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. पाठीशी भक्कम कुटुंब असलेल्याचे कर्ज कोणीतरी फेडते. ज्याला कोणी नाही, त्याचे घर जाते आणि घराबरोबर झोपेची वेळ, औषधांची शिस्त व डॉक्टरांकडची ये-जाही विस्कटते.

म्हणूनच मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमसारख्या औषधांइतकेच महत्त्व बरे असतानाच्या दिवसांत केलेल्या तजविजीला आहे. हा घडी घातलेला कागद सुरुवातीला भेटलेल्या त्याच माणसाचा आहे. सलग दोन रात्री झोप कमी झाली की बँकेचे कार्ड बहिणीकडे द्यायचे आणि कोणताही मोठा व्यवहार दोन दिवस थांबून करायचा, असे त्याने त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि खाली दोघांच्याही सह्या आहेत.